कानबाई झाल्यावर सांगते

मी फटकळ आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमच्या घरात ते माझं दुसरं नावच आहे. भाजीवाल्यानं वजनात हात मारला, कंडक्टरनं सुटे दिले नाहीत, वर्गात सरांनी एकच धडा दोनदा शिकवला, तर बाकीच्या मुली माझ्याकडे बघत. आता ही बोलणार, हे त्यांना ठाऊक असायचं. आणि मी बोलायचेही. म्हणून एका मुलाला ‘तू मला आवडतोस’ एवढं सांगायला मला तोंड लपवावं लागलं, याचं त्या वेळी मलाच नवल वाटलं होतं. आता नवल वाटत नाही, लाज वाटते.

तेव्हा मी शहाद्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गाव तापीकाठचं, एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाचं. दुपारी कॉलेज सुटलं की स्टँडवर गाडीची वाट बघत बसायचं, हा आमचा रोजचा तास. तो तिथेच असायचा. आमच्याच कॉलेजात, एक वर्ष पुढे. राहायचा पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत. वडील कारखान्यात नोकरीला. दिसायला म्हणाल तर चारचौघांसारखा. केस कायम विस्कटलेले, शर्टाची एक बाही वर, एक खाली. माझ्यासारखीनं एरवी त्याची टिंगलच केली असती.

पण स्टँडवर डोंगरातून बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या असायच्या. पाटी वाचता येत नाही, चौकशीच्या खिडकीतला माणूस मराठीत खेकसतो, आणि धडगावची गाडी रोज वेगळ्या फलाटाला लागते. त्या गोंधळून उभ्या राहिल्या की हा उठायचा. त्यांच्याच बोलीत काहीतरी विचारायचा. त्यांचा चेहरा उघडायचा, हसायच्या, त्याच्या दंडाला धरून चालायच्या. तो त्यांचं गाठोडं वर चढवायचा, बसायला जागा बघून द्यायचा आणि परत येऊन शेंगदाणे खात बसायचा. ऊसतोडीच्या हंगामात डोंगरातली कुटुंबं कारखान्यावर येत. त्यांच्या पोरांबरोबर खेळत तो वाढला, तिथे ती बोली उचलली. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की कुणीही बघत नसताना हा माणूस असा वागतो. बघत तर मी होते, पण त्याला ते माहीत नव्हतं.

वर्षभर मी नुसती बघत राहिले. एक शब्द बोलले नाही.

आमच्या कॉलेजचं मोबाइलवर एक पेज होतं. कोण चालवतं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या लिंकवर जाऊन मनातलं लिहायचं, नाव द्यायचं नाही, की दुसऱ्या दिवशी ते रंगीत चौकटीत सगळ्यांसमोर. बहुतेक मजकूर टुकार. कुणाला कुणाचे डोळे आवडले, कुणाची गाडी. मी त्या पेजची यथेच्छ टवाळी करायचे. आणि एका दुपारी, गाडीत खिडकीशी बसून, मीच त्यात लिहिलं: ‘स्टँडवर डोंगरातल्या आज्यांशी त्यांच्या बोलीत बोलून त्यांना बरोबर गाडीत बसवून देणारा जो आहे, तो मला फार आवडतो. त्याला हे माहीत नाही.’

मला वाटलं, मी माझं नाव लपवलं म्हणजे झालं. त्याचं नाव मी उघडं टाकलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अशा आज्यांना गाडीत बसवणारी मुलं शहाद्याच्या स्टँडवर काय ढिगानं होती? पोस्ट आली त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं की तो कोण. खाली कमेंटींचा पाऊस. ‘आज्यांचा हिरो.’ ‘आजीनंच लिखं व्हई रे.’ दुसऱ्या दिवशी स्टँडवर पोरं त्याच्यापुढे कमरेत वाकून काठी टेकल्याचं नाटक करीत, ‘भाऊ, माले बी गाडीमा बसाडी दे ना.’ तो लाल होऊन हसला. रागावला नाही. मी चार बाकं सोडून पुस्तकात डोकं खुपसून बसले होते, आणि खरं सांगते, मला तेव्हा फक्त आनंद होत होता.

मग त्यानं त्या पोस्टखाली स्वतःच्या नावानं लिहिलं. ‘जी कोणी असशील तिला धन्यवाद. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललेलं नाही. भेटशील का?’

एवढ्या पोरांच्या देखत असं सरळ लिहायला छाती लागते. ती माझ्यात नव्हती. मी पुन्हा त्याच आडोशानं लिहिलं: ‘भेटेन. कानबाई झाल्यावर सांगते.’

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरचा रविवार आला की खानदेशातली माणसं असतील तिथून गावाकडे निघतात. सुरतेत असोत, पुण्यात असोत. त्याआधी महिनाभर कुठलीही मोठी गोष्ट निघाली की घरातल्या बाया ‘कानबाई झाल्यावर बघू’ म्हणून बाजूला सारतात. मीही तशीच सारली. शिवाय मनात होतं, कानबाईला हात जोडायचे, बळ मागायचं आणि सोमवारी तिला नदीवर पोचवून आलं की मंगळवारी स्टँडवर त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. माझं सगळं ठरलं होतं. कुठला ड्रेस घालायचा तेसुद्धा.

त्या दिवसांत तो बदलला. शर्टाला इस्त्री आली. दोन्ही बाह्या सारख्या झाल्या. केसांना पाणी लावून भांग. स्टँडवर आलेल्या प्रत्येक मुलीकडे तो हळूच बघायचा, हीच का ती, म्हणून. एकदा माझ्याकडेही बघितलं. मी अशी कपाळाला आठी घातली की बिचाऱ्यानं मान वळवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं एक आहे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. एका कुळाची जेवढी घरं, तेवढ्यांनीच. शेजारी कितीही जिव्हाळ्याचा असो, त्याला रोट देत नाहीत, आणि आमच्याकडे तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कूळ बदललं. उष्टं, खरकटं, हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात टाकायचं. आदल्या दिवशी चक्कीवाल्याला सांगून ठेवायचं, तो चक्की धुऊनपुसून कोरडी करतो आणि मग रोटांचं धान्य दळतो. ते धान्य घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजून घ्यायचं. बायकांच्या नावानं काही नाही. यावरून मी दर वर्षी आईशी भांडते आणि दर वर्षी सूप मीच धरते.

त्या वर्षी आई गहू मोजत होती. आबांच्या नावानं सव्वा मूठ, वडिलांच्या नावानं सव्वा मूठ, दोन्ही काकांच्या. आबा म्हणजे वडिलांचे सगळ्यांत थोरले चुलते, आमच्या कुळाचे कर्ते. नेहमीची नावं संपली तरी आईचा हात थांबला नाही. तिनं आणखी एक अनोळखी नाव घेतलं, आणि मग स्टँडवरच्या त्या मुलाचं.

“हाई कोन व?” मी विचारलं.

“तुन्हा आबानी सांगेल शे. तुटेल घर जोडनं शे,” आई म्हणाली.

मग कळलं की आबांच्या चुलतभावाचं एक घर होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आबांचं आणि त्यांचं वाजलं, ते वाटा विकून गाव सोडून गेले आणि रोट वेगळे झाले. आमच्या जन्माआधीची गोष्ट. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती, त्यामुळे असं घर आहे हेच आम्हा पोरांना माहीत नव्हतं. आता आबा थकले होते. मरण्याआधी एका चुलीवरचे रोट खायचे, असं त्यांनी धरलं होतं. आणि आडनावावरून कळावं तर आमच्या भागात निम्म्या तालुक्याचं एकच आडनाव. कुणाचं कूळ कोणतं, हे सोयरिकीला बसल्याशिवाय कुणी विचारत नाही.

त्याचं नाव ऐकून मी चमकून आईकडे बघितलं, नाही असं नाही. पण त्या नावाचे शहाद्यात पन्नास असतील, म्हणून मी सूप हलवत राहिले.

रविवारी दुपारी तो आमच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही बाह्या सारख्या, मागे आईवडील. आबा रडत त्याच्या वडिलांच्या गळ्यात पडले. बाया रडल्या. मी हातात गंगाफळाच्या भाजीचं पातेलं घेऊन तिथेच खिळले.

“तू तर स्टँडवर ऱ्हास ना!” त्यानं मला ओळखलं. चेहरा असा खुलला की मला बघवेना. “आपलं घर एक, आनि आपले माहीतबी नही!”

माझ्या आईनं मला पुढे ढकललं. “पाया पड. तुन्हा भाऊ शे हाऊ.” आणि पदरानं डोळे पुसत त्याच्या आईला म्हणाली, “मन्ही पोरले भाऊ नव्हता हो. कानबाईनी धाडा.” मी एकुलती एक, काकांनाही मुलीच. माझ्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला कोण उभं राहणार, ही आईची जुनी चिंता होती. ती त्या दुपारी मिटली.

मी पाया पडले. वाकल्यावर त्याची पावलं दिसली आणि वाटलं, इथून वर उठूच नये. ज्याला मंगळवारी ‘आवडतोस’ म्हणून सांगायचं होतं तो पंगतीत बसला होता, आणि मी त्याला रोट वाढत होते. आमच्यात एका कुळातला मुलगा म्हणजे भाऊ. चुलत, दूरचा, सातव्या पिढीचा, असला हिशेब नाही. मी भावावर डोळा ठेवला होता, वर्षभर. कुणाला काही माहीतच नव्हतं, तरी मला वाटत होतं की सगळी पंगत माझ्याचकडे बघतेय. चौरंगावरची नथ घातलेली कानबाईसुद्धा.

जेवणं झाल्यावर मी खड्ड्याशी खरकटं टाकत होते, तर तो मागून आला.

“बहीन, एक काम शे तुन्हाकडे,” तो म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. माझीच पोस्ट. “तू त्याच कॉलेजमा शे. पोरीस्न्या गोष्टी तुले माहीत ऱ्हातीन. हाई कोन शे, पत्ता लाव ना. कानबाई झाल्यावर सांगसू म्हने. पन ती लाजीसन ऱ्हाई गयी तं?”

मी म्हटलं, “देखसू.” दुसरं काय म्हणणार?

“तिले सांग, मी हसाव नही,” तो म्हणाला. “फक्त कोन शे तेवढं सांग म्हना.”

मंगळवार आला. मी कॉलेजला गेले नाही, पोट दुखतंय म्हणून पडून राहिले. बुधवारी गेले. तो स्टँडवर उभाच. मला बघून लांबूनच त्यानं भुवया उंचावल्या, ‘लागला का पत्ता?’ मी मान हलवली. गुरुवारी तेच. आणि माझ्या मनात भीती शिरली की हा असाच शोधत राहिला तर एक दिवस माझ्यापर्यंत येईल. मग आबा, आई, त्याची आई, जुळलेलं घर, सगळं. त्या भीतीपोटी मी जे केलं त्याची लाज मला भावावर मन जडल्याच्या लाजेपेक्षा जास्त आहे. मन जडलं ते अजाणता. हे मी जाणूनबुजून केलं.

मी पेजवर तिसरी पोस्ट टाकली. मुलाच्या आवाजात. ‘ती आज्यांची पोस्ट आम्ही होस्टेलच्या पोरांनी मस्करीत टाकली होती. गडी इस्त्री करून वाट बघत बसला.’

पहिल्या वाक्यावर काम भागलं असतं. दुसऱ्याची काही गरज नव्हती. पण नुसतं पहिलं वाचून ते खोटं वाटेल अशी मला धास्ती वाटली, म्हणून मी इस्त्री घातली. फटकळ माणसाला कुठं लागतं ते बरोबर कळतं. खाली हसण्याची नुसती रांग लागली.

आठवड्याच्या आत राखी आली. तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, तेही इस्त्री नसलेल्या शर्टात. मी त्याला ओवाळलं. राखीची गाठ मला दोनदा बांधावी लागली. आई म्हणाली, पहिलीच राखी ना, म्हणून. राखी बांधून झाल्यावर तो आपणहून म्हणाला, “तू आते काही शोधू नको. पोऱ्यास्नी मस्करी व्हती ती.”

“वाचं मी,” मी म्हटलं.

“मालेबी मनमा तसंच वाटे,” तो हसून म्हणाला. “मन्हामा इतलं काय शे?”

त्यानं पेढा मोडून अर्धा मला भरवला. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. ती मुलगी खरी आहे, तिचं जमणार नाही, पण खरी आहे, एवढं तरी. मी पेढा गिळला आणि पाणी आणायला आत गेले.

पुढे एक दिवस स्टँडवर एक म्हातारी त्याच्यापाशी आली. ओळखीची असावी, तिनं सरळ त्याची बाही ओढली. समोरच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “हिरो, तुन्ही आजी उनी रे!” टपरीवरचे सगळे हसले. त्यानं बाही सोडवली, धडगावच्या गाडीकडे नुसतं बोट दाखवलं आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला. म्हातारी त्या बोटाच्या दिशेनं गेली आणि तळोद्याच्या गाडीत चढली. मी धावले. “आजी, ही नाही, ही नाही,” म्हणत तिला खाली यायला खुणावलं. तिला वाटलं मी तिची जागा मागतेय. ती गाठोडं पोटाशी घट्ट धरून बसून राहिली. शेवटी कंडक्टरनं तिकीट फाडताना गाव विचारलं आणि तिला खेकसून उतरवलं. धडगावची गाडी तोवर निघून गेली होती.

त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत त्याला कुठल्या म्हातारीशी बोलताना मी पाहिलं नाही. मला त्याचं जे आवडलं होतं, तेच मी जगाला सांगून त्याच्याकडून काढून घेतलं.

आता तो कारखान्यातच कामाला लागलाय. भाऊ म्हणून त्याच्यासारखा भाऊ नाही. वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तोच दवाखान्यात बसला होता. त्याच्या आईची एकच तक्रार आहे की पोरगा लग्नाचं नाव काढू देत नाही. मुलीचा फोटो दाखवला की म्हणतो, “तिले इचारा पहिले, तिले मी पसंत शे का.” आणि विचारून हो आलं तरी त्याला ते खरं वाटत नाही. दोन चांगल्या स्थळांनी वाट बघून नाद सोडला. त्याची आई मला म्हणते, “तू सांग ना व त्याले. तुन्हं ऐकस तो.” ती असं म्हणते तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे बघत नाही.

या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. पत्रिका वाटायला तोच मोटारसायकलवर मला सगळीकडे घेऊन फिरला. अक्कलकुव्याच्या मावशीकडून परतताना तळोद्याच्या अलीकडे एका रसवंतीवर थांबलो. रस्त्यावर जीपा डोंगराकडे भरून चालल्या होत्या. एका जीपच्या मागच्या पायरीवर एक म्हातारी चढू बघत होती आणि तिला जमत नव्हतं. त्याचं लक्ष गेलं. पेला ठेवून तो जरासा उठला. मग आजूबाजूला बघितलं, खाली बसला आणि पेला पुन्हा उचलला. ड्रायव्हरनंच तिला हात देऊन वर ओढलं.

त्या वेळी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “ती पोस्ट मस्करी नव्हती.”

“कोन्ती?” त्यानं विचारलं, पण त्याला कळलं होतं. पेला हातात तसाच राहिला.

“पहिली. ती पोर खरी व्हती. तिले तू खरंच आवडे. तिसरी पोस्ट खोटी व्हती.”

“तुले काय माहीत?”

तो माझ्याकडे बघत होता, तसाच, स्टँडवर प्रत्येक मुलीकडे बघायचा तसा. एक शब्द पुरला असता. ‘मी.’ जन्मभर चावडीवर बोलल्यासारखी बोलणारी मी, आणि तो एक शब्द माझ्या जिभेवर येईना. आईनं गव्हाची सव्वा मूठ धरलेली दिसली, आबा त्याच्या वडिलांच्या गळ्यात पडलेले दिसले, लग्नात माझ्या नवऱ्याचा कान धरून तो उभा राहिलेला दिसला.

“माले माहीत शे,” मी एवढंच म्हटलं. “मन्ही शपथ. तू व्हताच तसा.”

त्यानं रसाचा पेला संपवला. मग माझ्या डोक्यावर टपली मारली, लहान बहिणीला मारतात तशी, आणि हसला.

“तू मन्ही बहीन शे म्हनीसन सांगी ऱ्हायनी,” तो म्हणाला. “बहीनले भाऊ चांगलाच दिसस.”

रसाचे पैसे देऊन त्यानं गाडी सुरू केली. पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसले.